सोरा भाषेतील संख्यावाचन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोरा ही कोणती भाषा आहे आणि ती कुठे बोलली जाते?

सोरा ही ऑस्ट्रोआशियाई भाषाकुळातील मुंडा शाखेची भाषा आहे. ओडिशाच्या दक्षिणेकडील गजपती आणि रायगडा हे जिल्हे आणि त्यांना लागून असलेला आंध्र प्रदेशाचा श्रीकाकुलमकडचा डोंगराळ भाग हे तिचे मूळ क्षेत्र होय. चहाच्या मळ्यांत कामासाठी नेलेल्या मजुरांबरोबर ती आसामातही पोहोचली. या भाषेची आणि ती बोलणाऱ्या लोकांची नावे सोरा, सौरा, साओरा, सवरा अशी वेगवेगळी लिहिली जातात. जनगणनेच्या तक्त्यात ‘सवरा’ असे नाव आढळते. २०११ च्या जनगणनेत ही आपली मातृभाषा असल्याचे सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ४ लाख १० हजार होती. येथे रायगडा म्हणजे आपला रायगड नव्हे, एवढी सूचना मराठी वाचकासाठी करून ठेवतो, कारण हा घोटाळा नेहमी होतो.

या भाषेच्या संख्यांविषयी एवढी चर्चा का होते?

कारण तिच्यात दोन ठिकाणी थांबे आहेत. आपण मराठीत दहाच्या पटीत मोजतो. जगातील पुष्कळ भाषा विसाच्या पटीत मोजतात. सोरा भाषकही विसाच्या पटीत मोजतात, परंतु प्रत्येक विशीच्या आत शिरल्यावर ते बारापाशी एकदा थांबतात आणि तेथून पुन्हा एक, दोन, तीन असे मोजू लागतात. वीस आणि बारा या दोन थांब्यांची अशी जोडी फारच विरळ आहे. ती समजून घेण्यासाठी कसलेही गणित शिकावे लागत नाही. मूठभर चिंचोके पुरतात, आणि खाली आपण तेच करणार आहोत.

एक ते बारा या संख्यांना सोरामध्ये काय म्हणतात?

देवनागरीत जवळचा उच्चार असा लिहिता येईल: अबोय, बागू, यागी, उंजी, मोनलोय, तुड्रू, गुलजी, तामजी, तिंजी, गेलजी, गेलमुय, मिगेल. उच्चारात गावागणिक थोडा फरक पडतो. ‘मोनलोय’चा ‘मोल्लोय’ होतो, तर ‘मिगेल’मधला मधला स्वर काही जण इतका आखूड उच्चारतात की तो मराठीतल्या ‘अ’जवळ येतो. म्हणून ही यादी प्रमाण लेखन म्हणून न घेता कानाला दिलेली दिशा म्हणून घ्यावी.

यादी मोठ्याने वाचली की दोन गोष्टी लगेच कानात भरतात. चार, सात, आठ, नऊ आणि दहा या शब्दांच्या शेवटी ‘जी’ येतो. सोरामध्ये अनेकवचनाचा प्रत्ययही ‘जी’ असाच आहे, आणि खडिया या नात्यातल्या भाषेत सात व आठ यांना नुसते ‘घुल’ व ‘थाम’ म्हणतात; तेव्हा सोरातला ‘जी’ हा मूळ शब्दाला मागाहून चिकटलेला तुकडा असला पाहिजे, हे उघड होते. दुसरी गोष्ट अशी की दहा, अकरा आणि बारा या तिन्ही शब्दांत ‘गेल’ हा तुकडा ऐकू येतो. अकराच्या ‘गेलमुय’ची फोड सरळ आहे: गेल म्हणजे दहा आणि मुय म्हणजे एक. हा ‘मुय’ सोराच्या रोजच्या ‘अबोय’पेक्षा वेगळा दिसतो खरा, पण नात्यातल्या इतर भाषांमध्ये ‘एक’साठी म-ने सुरू होणारे शब्दच आहेत. भाषेत जुने रूप असे एखाद्या जोडशब्दाच्या आडोशाला टिकून राहते.

तेरापासून पुढे कसे मोजतात?

चिंचोक्यांचा एक ढीग समोर घ्या आणि एकेक चिंचोका बाजूला सारत मोजा. अबोय, बागू, यागी असे करत बारावा चिंचोका सरकवला की ‘मिगेल’ म्हणायचे. तेरावा चिंचोका सरकवताना मराठी माणूस ‘दहा आणि तीन’ या हिशेबाचा शब्द उच्चारतो. ‘तेरा’च्या पोटात तीन आणि दहा आहेत. सोरा माणूस म्हणतो ‘मिगेलबोय’, म्हणजे बारा आणि एक. यातला ‘बोय’ म्हणजे ‘अबोय’चेच आखूड रूप. चौदा म्हणजे बारा आणि दोन, पंधरा म्हणजे बारा आणि तीन, सोळा म्हणजे बारा आणि चार, आणि असे करत एकोणीस म्हणजे ‘मिगेलगुलजी’: बारा आणि सात.

आता विसावा चिंचोका. येथे ‘बारा आणि आठ’ असे येईल अशी आपली अपेक्षा असते, पण तसे होत नाही. विसाव्या चिंचोक्याला ‘बोकुडी’ म्हणतात. ‘बो’ म्हणजे एक आणि ‘कुडी’ म्हणजे विसाचा गट. वीस चिंचोके एकत्र करून एक ढिगारी झाली, आणि बाराचा थांबा मोडला. म्हणूनच सोरामध्ये बाराच्या पुढची बेरीज सातपर्यंतच जाते; आठ, नऊ, दहा आणि अकरा हे शब्द ‘मिगेल’च्या मागे कधी लागतच नाहीत, कारण तिथवर पोहोचण्याआधीच विशी भरलेली असते.

विसाच्या पुढे काय होते?

तीच चाल पुन्हा सुरू होते. एकवीस ते एकतीस या संख्या म्हणजे एक कुडी आणि एक, एक कुडी आणि दोन, असे करत एक कुडी आणि अकरा. तीस म्हणजे एक कुडी आणि दहा. तिला स्वतंत्र नाव नाही. बत्तिसाला ‘बोकुडी मिगेल’, म्हणजे वीस आणि बारा. तेहतिसाला ‘बोकुडी मिगेलबोय’, म्हणजे वीस, बारा आणि एक. एकोणचाळीस म्हणजे वीस, बारा आणि सात. मग चाळिसाला ‘बाकुडी’, दोन कुडी. साठ म्हणजे तीन कुडी, ऐंशी म्हणजे ‘उंजीकुडी’, चार कुडी. आणि शंभर म्हणजे पाच कुडी.

पुन्हा चिंचोक्यांकडे येऊ. समजा ढिगात त्रेपन्न चिंचोके आहेत. विसाविसाच्या दोन ढिगाऱ्या होतील आणि तेरा उरतील. त्या तेरांतून बारांची एक छोटी ढिगारी वेगळी केली की एकच चिंचोका एकटा राहतो. समोर जे दिसते तेच शब्दांत म्हणायचे: ‘बाकुडी मिगेलबोय’. दोन विशा, एक बारांची ढिगारी, एक सुटा. मोठा गट आधी, त्याहून लहान नंतर आणि सुटे शेवटी, हा क्रम कधीही उलटत नाही. गुणायचा आकडा कुडीच्या आधी येतो आणि मिळवायचा आकडा नंतर येतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ होण्यास जागा उरत नाही.

मग ही ‘द्वादशमान’ म्हणजे बाराच्या पायाची पद्धती झाली का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे चुकीचे उत्तर सर्वांत जास्त ठिकाणी लिहिलेले आढळते, म्हणून याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

एखादी पद्धती बाराच्या पायावर उभी आहे असे म्हणायचे तर बारांचे गट करून पुढे त्या गटांचे गट व्हायला हवेत. दोन बारा म्हणजे चोवीस, तीन बारा म्हणजे छत्तीस, आणि बारा बारा म्हणजे एकशे चव्वेचाळीस या पायऱ्यांना तिच्यात महत्त्व हवे. आपल्याकडे दुकानदार डझन आणि ग्रोस म्हणतो तेव्हा तो खऱ्या अर्थाने बाराच्या पायावर मोजत असतो, कारण बारा डझनांचा एक ग्रोस होतो. सोरामध्ये असे काहीच होत नाही. चोवीस ही तेथे ‘दोन बारा’ नसून ‘एक कुडी आणि चार’ आहे. छत्तीस म्हणजे ‘तीन बारा’ नव्हे. ती ‘एक कुडी, बारा आणि चार’ आहे. बारा ही संख्या प्रत्येक विशीत एकदाच येते, तिला कोणीही कशानेही गुणत नाही, आणि विशी भरली की ती विरून जाते.

म्हणून या पद्धतीचे नेमके वर्णन करायचे तर ती ‘विंशतिमान’ म्हणजे विसाच्या पायाची पद्धती आहे आणि तिच्या प्रत्येक विशीत बारापाशी एक मुक्काम आहे, असे करावे लागेल. घाटातल्या रस्त्याचे उदाहरण घ्यावे: मैलाचे दगड विसाविसावर रोवलेले आहेत आणि प्रत्येक दोन दगडांच्या मध्ये, बाराव्या टप्प्यावर, एक पाणपोई आहे. पाणपोई महत्त्वाची आहे, पण अंतर मोजले जाते ते दगडांनीच. ‘सोरा लोक बाराच्या पायावर मोजतात’ हे वाक्य ऐकायला आकर्षक असले तरी त्यामुळे या पद्धतीचा अर्धा भाग झाकला जातो, आणि माझ्या मते तोच भाग मोठा आहे.

बाराचा हा थांबा किती वेळा लागतो?

एक ते नव्याण्णव या संख्यांमध्ये तो चाळीस वेळा लागतो. बारा ते एकोणीस या आठ संख्या, आणि पुढच्या चार विशांतल्या त्याच जागांवरच्या आठ-आठ संख्या: बत्तीस ते एकोणचाळीस, बावन्न ते एकोणसाठ, बहात्तर ते एकोणऐंशी आणि ब्याण्णव ते नव्याण्णव. पाच आठे चाळीस.

बाराच का निवडले असावे?

या प्रश्नावर पुष्कळ जण बोटांच्या पेरांचे उत्तर देतात. अंगठा सोडून उरलेल्या चार बोटांना प्रत्येकी तीन पेरे असतात, अंगठ्याने ती एकेक करून मोजली की एका हातावर बारा होतात. आपल्याकडेही आजी-आजोबा जप मोजताना किंवा वार-तिथीचा हिशेब करताना पेरांवर अंगठा फिरवतात, त्यामुळे हे उत्तर मराठी माणसाला लगेच पटते. पण सोराच्या शब्दांत या पेरांचा मागमूस नाही. ‘मिगेल’ हा शब्द हात, बोट किंवा पेर यांच्याशी जोडता येत नाही. त्यात ऐकू येतो तो दहाचा ‘गेल’. शब्द जे सांगत नाहीत ते शब्दांच्या तोंडी घालू नये, असे मला वाटते.

शब्दांवरून जे निश्चित दिसते ते असे. दहासाठीचा ‘गेल’ हा शब्द एकट्या सोराचा नाही. संताळी, मुंडारी, कोरकू या दूरच्या मुंडा भाषांमध्येही तो आहे, आणि खडियात तो ‘घोल’ असा येतो. विसाविसाने मोजण्याची सवयही मुंडा भाषांत सर्वत्र पसरलेली आहे. बाराला थांबून पुन्हा एकपासून सुरुवात करण्याची चाल मात्र या इतर भाषांत नाही. यावरून बाराचा थांबा हा वडिलोपार्जित नसून सोराने स्वतःच्या घरात घडवलेला आहे, असा निष्कर्ष काढणे सयुक्तिक ठरते.

जगात इतरत्र बाराने मोजणाऱ्या भाषा आहेत का?

आहेत, पण मोजक्याच. नेपाळमधील चेपांग, नायजेरियाच्या मध्यभागातील काही भाषा, उदाहरणार्थ ग्वांदारा भाषेची निंबिया बोली, आणि मालदीवमधील जुनी मोजणी ही नेहमीची उदाहरणे आहेत. त्यांच्या शेजारी सोराला बसवताना वर सांगितलेला फरक विसरू नये.

‘कुडी’ आणि आपली ‘कोडी’ हा एकच शब्द आहे का?

विसांच्या गटाला जुन्या मराठीत कोडी म्हणत असत, आणि हिंदी, बंगाली, ओडिया या भाषांतही कोडी, कुडी, कोरी अशी त्याची भावंडे आहेत. सोरामध्येही काही ठिकाणी ‘कुडी’चा उच्चार ‘कोडी’ असाच होतो. आर्य, द्राविड आणि मुंडा या तिन्ही कुळांच्या भाषांमध्ये फिरलेला हा बाजारातला शब्द आहे, आणि बाजारात शब्दांची सीमा कोणी राखत नाही.

विसाने मोजण्याची सवयही आपल्याला परकी नाही. खेड्यातली जुनी माणसे साठाला ‘तीन विसा’ आणि शंभराला ‘पाच विसा’ म्हणत. ज्यांनी हे कानाने ऐकले आहे त्यांना सोराची मोजणी शिकवावी लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते.

बारा आणि वीस यांची अशी जोडी मराठी मुलखात कुठे होती का?

शब्दांत नव्हती, मापांत होती. धान्याच्या जुन्या कोष्टकात महाराष्ट्राच्या काही भागांत बारा पायल्यांचा मण धरला जाई आणि वीस मणांची खंडी होई. (इतर भागांत मण सोळा पायल्यांचा होता, मापे गावागावाला बदलत.) परंतु हे साम्य वरवरचे आहे. आपल्या कोष्टकात बारा ही खालची पायरी आणि वीस ही तिच्यावरची, म्हणजे खंडीत बारा गुणिले वीस पायल्या. सोरामध्ये बारा विसाच्या पोटात आहे, त्याच्याशी गुणाकाराने बांधलेला नाही. हे साम्य केवळ एवढेच दाखवते की दहा हा आकडा माणसाला निसर्गाने नेमून दिलेला नसून, कामाप्रमाणे माणूस वेगवेगळे आकडे हाताशी धरतो.

मराठीपेक्षा ही पद्धती शिकायला सोपी आहे की अवघड?

लहान मुलाच्या दृष्टीने विचार केला तर बरीच सोपी आहे, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. मराठीत एक ते शंभर शिकताना मुलाला जवळजवळ प्रत्येक शब्द सुटा पाठ करावा लागतो. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव यांत तीन आहे हे मोठ्यांना कळते. सहा वर्षांच्या मुलाला ते सांगितल्याशिवाय दिसत नाही. शिवाय एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, ही वजाबाकीची वाट मध्येच येते. सोरामध्ये बारा शब्द, तेरावा ‘कुडी’ आणि काही आखूड रूपे एवढ्या भांडवलावर मूल नव्याण्णवपर्यंत पोहोचते. मोठ्या माणसाला जे अवघड वाटते ते शब्दांमुळे नव्हे, तर डोक्यात दहाची पट आधीच पक्की बसलेली असल्यामुळे.

२०१९ साली महाराष्ट्रात झालेल्या ‘वीस दोन’च्या वादाशी याचा संबंध जोडता येईल का?

थेट संबंध नाही, तुलना मात्र उपयोगी आहे. त्या वर्षी इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात बावीस, त्रेपन्न अशा शब्दांच्या जोडीने ‘वीस दोन’, ‘पन्नास तीन’ अशी मांडणी आली आणि त्यावरून राज्यभर मोठा वाद झाला. त्या मांडणीमागील कारण साधे होते. त्रेपन्न म्हणताना आपण तीन आधी उच्चारतो आणि पन्नास नंतर, पण लिहिताना पाच आधी लिहितो. त्यामुळे मुले ५३ च्या जागी ३५ लिहून बसतात. शब्दांतली जोडाक्षरे ही आणखी एक अडचण.

सोरा भाषेत मोठा गट नेहमीच आधी येतो, त्यामुळे उच्चाराचा क्रम उलटा होण्याची ही अडचण तेथे उद्भवत नाही. पण सोराच्या मुलापुढे दुसरीच अडचण उभी राहते. तो घरी ‘दोन कुडी, बारा, एक’ असे म्हणतो आणि पाटीवर त्याला ५३ लिहायचे असते. त्याच्या शब्दांत पाचही नाही आणि तीनही नाही. मराठी मुलाला फक्त क्रम फिरवावा लागतो. सोरा मुलाला एका पायावरची संख्या दुसऱ्या पायावर उतरवावी लागते, तेही पहिलीच्या वर्गात आणि बहुतेक वेळा परक्या भाषेत. त्या मुलाला ‘गणित जमत नाही’ असे म्हणण्याआधी शिक्षकाने हे एकदा स्वतः करून पाहिले पाहिजे.

महाराष्ट्रात ऑस्ट्रोआशियाई कुळातील भाषा आहे का? तिच्यात कसे मोजतात?

आहे, आणि ती आपल्या अगदी घरची आहे: कोरकू. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, म्हणजे धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत, तसेच मध्य प्रदेशातील बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर या भागांत ती बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या सुमारे ७ लाख २७ हजार होती. व्हिएतनामपर्यंत पसरलेल्या या अवाढव्य कुळातील सर्वांत पश्चिमेकडची भाषा म्हणजे कोरकू.

कोरकूत एक ते दहा असे मोजतात: मिया, बारी, अफई, उफुन, मोनोई, तुरूई, येई, इलार, अरेई, गेल. सोराची यादी पुन्हा वर जाऊन वाचा. सोराचा मोनलोय आणि कोरकूचा मोनोई, तुड्रू आणि तुरूई, गेलजी आणि गेल ही भावंडे लपत नाहीत. बाराचा थांबा मात्र कोरकूत नाही. दैनंदिन व्यवहारात दहाच्या पुढे, आणि पुष्कळदा त्याच्याही आधी, हिंदी किंवा मराठी संख्याच कोरकू बोलण्यात मिसळतात.

मेळघाटाच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरात बोलल्या जाणाऱ्या निहाली भाषेचा उल्लेख येथे अनेक जण करतात. ती ऑस्ट्रोआशियाई नाही; तिचे नाते कोणत्याच भाषेशी सिद्ध झालेले नाही. पण तिच्या संख्या पाहिल्या की दोन, तीन आणि चार यांसाठीचे इरार, मोथो, नालो हे शब्द द्राविड भाषांची आठवण देतात आणि पाचपासून पुढे आर्य भाषांचे शब्द सुरू होतात. संख्या भाषेत किती सहज उसन्या येतात याचे इतके जवळचे उदाहरण शोधून सापडणार नाही.

सोरा आणि व्हिएतनामी यांचे नाते संख्यांवरून खरोखर दिसते का?

दिसते, पण एकदम नाही. मधली माणसे ओळखावी लागतात. संताळीत चारला ‘पोन’ म्हणतात, कोरकूत ‘उफुन’, कंबोडियातील ख्मेर भाषेत ‘बुओन’ आणि व्हिएतनामी भाषेत ‘बोन’. तीनसाठी संताळीत ‘पे’, कोरकूत ‘अफई’, ख्मेरमध्ये ‘बेई’ आणि व्हिएतनामीत ‘बा’. राजमहालच्या टेकड्यांपासून मेकाँगच्या खोऱ्यापर्यंत हा एकच धागा जातो. सोराचे ‘यागी’ आणि ‘उंजी’ या माळेत पहिल्या नजरेला बसत नाहीत, कारण सोरामध्ये शब्दांची झीज आणि भर दोन्ही अधिक झाली आहे; ‘बागू’चा ‘बा’ मात्र संताळीच्या ‘बार’शी आणि कोरकूच्या ‘बारी’शी सहज जुळतो. मोजण्याची रीत मात्र शब्दांबरोबर प्रवास करतेच असे नाही. ख्मेर भाषेत सहाला ‘प्राम मुओय’ म्हणजे पाच आणि एक म्हणतात. तेथे थांबा पाचचा आहे. शब्द एका आजोबांचे, पण थांबे ज्याचे त्याने ठरवलेले.

सोराची स्वतःची लिपी आणि स्वतःचे अंक आहेत का?

आहेत. मंगेई गोमांगो यांनी १९३६ साली सोरांग सोंपेंग ही लिपी निर्माण केली. तिच्यात अक्षरांबरोबर अंकही आहेत, आणि २०१२ साली ती युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. युनिकोडमधील तिचे अंक शून्य ते नऊ असे दहा आहेत, म्हणजे लिहिण्याची रीत दशमान आहे. परिणामी तोंडाने बारा आणि विसाची मोजणी, आणि कागदावर दहाची, अशी स्थिती स्वतःच्या लिपीतही राहते. यात विसंगती मानण्याचे कारण नाही. फ्रेंच माणूसही ऐंशीला ‘चार विसा’ म्हणतो आणि ८० लिहितो.

ही लिपी सर्व सोरा लोक वापरतात असे समजू नये. सोरा भाषा ओडिया, तेलुगू आणि रोमन लिपीतही लिहिली जाते, आणि कोणती लिपी वापरायची याचा संबंध राज्य, शाळा आणि धर्म या तिन्हींशी येतो.

या पद्धतीची नोंद कोणी केली?

सर्वांत आधी नाव घ्यावे लागते ते गिडुगू वेंकट राममूर्ती यांचे. आजच्या ओडिशातील परळाखेमुंडी येथे शिक्षक असताना ते सोरा भाषा शिकले, सोरा मुलांसाठी त्यांच्याच भाषेतून शिक्षण व्हावे म्हणून झटले, आणि १९३१ साली या भाषेचे व्याकरण व १९३८ साली शब्दकोश प्रसिद्ध केला. तेलुगू लोक त्यांना बोलीभाषेच्या चळवळीचे अग्रणी म्हणून ओळखतात. त्यांचा २९ ऑगस्ट हा जन्मदिवस तेलुगू भाषा दिन म्हणून पाळला जातो. एका माणसाने आपल्या मोठ्या भाषेसाठी आणि शेजाऱ्याच्या लहान भाषेसाठी सारख्याच तळमळीने काम करावे, याचे मला फार मोल वाटते. पुढे १९७० च्या दशकात डेव्हिड स्टॅम्प आणि नॉर्मन झाइड या भाषाशास्त्रज्ञांनी मुंडा संख्यांचा बारकाईने अभ्यास केला. झाइड यांचा अभ्यास म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने १९७८ साली प्रसिद्ध केला.

ही मोजणी आजही वापरात आहे का?

लहान संख्या घरात आणि शेतावर टिकून आहेत. पैसे, तारखा, दूरध्वनी क्रमांक आणि मोठे हिशेब यांसाठी ओडिया किंवा तेलुगू संख्यांचा वापर वाढत गेला आहे, आणि हे सर्वच मुंडा भाषांमध्ये घडत आहे. संख्यांची गळती नेहमी वरून सुरू होते: आधी शंभर जातात, मग विशा, आणि एक ते पाच शेवटपर्यंत राहतात. याचा अर्थ असा की ज्या भागात बाराचा थांबा दिसतो तो तेरापासून पुढचा भाग धोक्यात आधी येतो. मुलाला एक ते दहा सोरात येते म्हणून समाधान मानले तर नेमकी हीच पद्धती हातातून निसटते.

ओडिशाने २००६-०७ च्या सुमारास प्राथमिक शाळांसाठी मातृभाषाधारित बहुभाषिक शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी निवडलेल्या पहिल्या दहा आदिवासी भाषांत सोरा होती.

मला पंच्याहत्तर सोरा रीतीने म्हणायचे आहे. कसे करू?

आधी त्यातून विशा काढा: तीन विसा साठ, उरले पंधरा. पंधरा बारापेक्षा मोठे आहेत, म्हणून त्यांतून बारा काढा, उरले तीन. तेव्हा तीन कुडी, बारा, तीन. एक्काहत्तरासाठी साठ काढल्यावर अकरा उरतात. ते बारापेक्षा लहान आहेत, म्हणून तेथे ‘मिगेल’ येणार नाही, तीन कुडी आणि ‘गेलमुय’ एवढेच म्हणायचे. आता नव्याण्णव स्वतः करून पाहा आणि मग पुढे वाचा: चार कुडी, बारा, सात. सोरामध्ये ‘उंजीकुडी मिगेलगुलजी’. त्यात आणखी एक चिंचोका टाकला की बारांची ढिगारी आणि सुटे आठ मिळून पाचवी कुडी होते.